लासिचुकांच्या भट्टीतली वाळू

वर्ना पलिचुकने अकरा हिवाळे विनिपेग शहरातल्या, घरं गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्ट्या दुरुस्त करवल्या, पण त्या अकरा वर्षांत तिने एकही भट्टी आतून पाहिली नव्हती. ती बिलिन्स्की हीटिंगच्या कचेरीत फोनवर बसायची. बाहेर उणे पस्तीस, खिडकीच्या काचेला आतून बर्फ, आणि फोन सकाळी सातपासून वाजत असे.

"बाई, जरा एखाद्या पुरुषमाणसाला द्या ना फोन."

"पुरुषमाणसं सगळी तळघरांत घुसलीत. तुमची भट्टी काय म्हणते ते मला सांगा."

"काय म्हणणार? बंद पडली!"

"बंद पडायच्या आधी काय म्हणाली? फोन घेऊन खाली जा, दार उघडा आणि रिसीव्हर तिच्यासमोर धरा."

माणसं कुरकुरत, पण जात. थंडीपुढे मान कुणाची ताठ राहते? लांबलचक वायर ओढत पायऱ्या उतरत आणि रिसीव्हर भट्टीपुढे धरत. वर्ना डोळे मिटून ऐके. एक टिक. मग छोट्या पंख्याची घरघर. मग गॅस पेटल्याचा तो मऊ 'भप्प' आवाज. मग ती मनात आकडे मोजे. तीन सेकंदांत विझली तर एक कारण, दोन मिनिटांनी विझली तर दुसरं, 'भप्प' ऐवजी 'धडाम' झालं तर तिसरं. कारणं तिला कोणी शिकवली नव्हती. मेकॅनिक संध्याकाळी परत आले की ती प्रत्येकाला दारातच अडवायची. "मॅनिटोबा अव्हेन्यूवरच्या घरात काय निघालं?" "बर्नरला गंज होता." "मग आवाज शिट्टीसारखा का येत होता?" मेकॅनिक बूट झटकत म्हणत, "अगं बाई, घरी जाऊ दे ना!" आवाज आणि कारण यांच्या जोड्या अशा गोळा होता होता तिच्या डोक्यात ढीग झाला. मेकॅनिक निघायच्या आधीच ती कोणता भाग बरोबर न्यायचा ते सांगू लागली, आणि दहातल्या आठ वेळा तिचं बरोबर निघायचं.

तिने भट्टी पाहिली नव्हती याला कारणही साधं होतं. लहानपण डॉफिनजवळच्या शेतावर गेलं, तिथे लाकडाची चूल होती. शहरात आल्यावर ती राहायची त्या इमारतीत वाफेचे रेडिएटर होते. मेकॅनिकांच्या व्हॅनमध्ये कारकून बाईने बसायचं कारण नव्हतं.

एकोणचाळिसाव्या वाढदिवसाला तिने मालक बिलिन्स्कीला सांगितलं, "मला आत काय असतं ते बघायचंय."

"कशाच्या आत?"

"ज्याच्याबद्दल मी अकरा वर्षं बोलतेय, त्याच्या."

बिलिन्स्की हसला, पण तिला घेऊन गेला. एका रिकाम्या घराच्या तळघरात त्याने दोन स्क्रू सोडवले आणि पत्रा बाजूला केला. वर्ना गुडघ्यावर बसली. ओळीने लावलेले बर्नर, त्यांच्या मागे वळणावळणाच्या नळ्या, खाली धुळीने केसाळ झालेला पंखा. बिलिन्स्कीने भट्टी चालू केली. निळ्या जिभा एकामागोमाग उमटल्या आणि आडव्या होऊन नळ्यांत शिरल्या. वर्नाने मान तिरकी करून पाहिलं. मग म्हणाली, "अय्या, ही तर आडवी जळते! मी इतकी वर्षं उभी समजत होते."

त्या सप्टेंबरात तिने कॉलेजात नाव घातलं. वर्गात बावीस जण आणि ती एकटी बाई, वयाने शिक्षकापेक्षाही मोठी. दोन वर्षांनी तिला गॅसच्या कामाचा परवाना मिळाला आणि बिलिन्स्कीने फोनवर दुसरी मुलगी बसवली.

कामात ती हळू होती. बाकीचे दिवसात सहा घरं करत, ती चार. पण तिने साफ केलेली भट्टी पुन्हा लवकर बोलवत नसे. आधी वीज बंद, मग गॅस बंद, मग पत्रा काढायचा. फिल्टर उजेडापुढे धरून बघायचा. बर्नर एकेक करून बाहेर काढायचे, ब्रशने झाडायचे, भोकांत फुंकर मारायची. पंख्याच्या पात्यांमध्ये साचलेली धूळ ती खरवडून काढे आणि मुठीत घेऊन बघे. कुत्र्याचे केस, लोकरीचा रंग, पीठ, लाकडाचा भुसा. घरात काय चालतं ते पंख्याला सगळं ठाऊक असतं असं ती म्हणायची, आणि ते तिला मनापासून आवडायचं. "तुमच्याकडे कोणी विणकाम करतं का? हिरव्या लोकरीचं?" असं विचारलं की घरची माणसं चकित होत.

तर ही गोष्ट आहे तिच्या परवान्यानंतरच्या सातव्या हिवाळ्यातली.

नॉर्थ एंड वस्तीत लासिचुक नावाचं जोडपं राहत असे. ओस्ताप लासिचुक रेल्वेच्या कारखान्यात डब्यांच्या चामडी गाद्या शिवून निवृत्त झालेला, टक्कल, भुवया मात्र झाडूसारख्या. बायको पाराशा, ठेंगणी आणि कायम कामात. त्यांच्या घरी तीन वर्षांपूर्वी बसवलेली चांगली भट्टी होती आणि ती दर दोन-तीन आठवड्यांनी विझायची. पेटायची, चार सेकंद जळायची, विझायची. पुन्हा पेटायची, पुन्हा विझायची. चार-पाच वेळा असं झालं की हट्टाने बंदच व्हायची. बिलिन्स्कीचे तीन मेकॅनिक जाऊन आले होते. प्रत्येकाने ज्योत ओळखणारी कांडी घासली, भट्टी चालू केली आणि चहा पिऊन परत आला. तिसऱ्याने तर सर्किटचा अख्खा बोर्ड बदलला. काही उपयोग झाला नाही.

"ते घर पछाडलेलं आहे," तो म्हणाला.

"मी जाते," वर्ना म्हणाली. तिचे डोळे चमकले होते.

पाराशाने दार उघडलं ते तक्रारीनेच. "आलीस, पोरी? ये. ही चौथी वारी हो तुमची! आणि आधी मला सांग, वास कसला येतो? गॅस तर गळत नाही ना? मी ह्यांना म्हणतेय महिनाभर."

"तेता, तेच बघते आधी," वर्ना म्हणाली. वस्तीतल्या वडीलधाऱ्या बायकांना ती तेता म्हणायची आणि पुरुषांना वुयको, आपण मावशी आणि काका म्हणावं तसं.

"भट्टीचाच वास आहे," मागून ओस्ताप म्हणाला. "नवीन भट्ट्यांना येतो. मी सांगितलंय हिला."

वर्नाने साबणाचं पाणी लावून सगळे सांधे तपासले, यंत्र फिरवून बघितलं. गॅस कुठेच गळत नव्हता. वास मात्र तिलाही आला, गोडसर, रंगाच्या दुकानासारखा. तो भट्टीचा नव्हता एवढं तिच्या नाकाला कळलं.

मग तिने कांडी काढली. पेन्सिलीच्या शिशाएवढी बारीक धातूची ती कांडी ज्योतीत बसवलेली असते. ज्योत जळत असली की तिच्यातून अगदी नखाएवढी वीज वाहते, आणि त्या विजेवरून भट्टीला कळतं की आग खरंच लागली आहे. वीज आली नाही तर भट्टी समजते की गॅस नुसताच सुटतो आहे, आणि घाबरून तो बंद करते. कांडीवर काजळी असती तर बोटाला काळं लागलं असतं. इथे होता पांढरा, दुधी काचेसारखा थर. नखाने खरवडला तर करकरला.

बारीक तारेच्या घासणीने तिने तो कागदावर पाडला, कागदाची पुडी केली आणि खिशात ठेवली. कांडी बसवली, मीटर लावलं. कांडीतल्या विजेचा आकडा आला साडेतीन, म्हणजे पुरेसा.

"झालं?" ओस्तापने जरा घाईनेच विचारलं.

"आज झालं. पण वुयको, मला परवा पुन्हा यायचंय. तुम्हाला काही द्यावं लागणार नाही, मला फक्त बघायचंय."

"काय बघायचंय? चालू झाली ना!"

"का बंद पडते ते."

ओस्तापच्या भुवया जवळ आल्या. पाराशा मात्र खुश झाली. "येऊ दे हो तिला. पहिल्यांदाच कुणी तरी 'का' म्हणतंय ह्या घरात."

पुडी घेऊन वर्ना कॉलेजातल्या जुन्या शिक्षकाकडे गेली. त्याने चष्मा कपाळावर चढवला, भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "वाळू."

"वाळू? तळघरात?"

"हवेत सिलिकॉन असेल. केसांचे फवारे, कपड्यांना मऊ करणारी औषधं, खिडक्यांच्या फटीत भरतात तो डिंक. भट्टी तळघरातलीच हवा ओढते ना? ते आगीत जळतं आणि त्याची वाळू होऊन कांडीवर बसते. घरात कोण केस फवारतं ते शोध."

वर्नाला हसूच आलं. ओस्तापच्या डोक्यावर फवारायला काही नव्हतं, आणि पाराशाचे केस रुमालाखाली वेणीत असत. पुढच्या खेपेला तिने कपडे धुण्याची जागा बघितली. साधा साबण, वाळत घालायची दोरी. खिडक्यांचा डिंक दहा वर्षं जुना, दगड झालेला. तळघरात एक कामाचं टेबल होतं, त्यावर चादर टाकलेली, आणि एक कपाट, त्याला कुलूप.

पहिल्या भेटीच्या दिवशी, सोमवारी, आकडा साडेतीन होता. बुधवारी सकाळी ती आली तेव्हा तीनच्या खाली गेला होता. गुरुवारी तेवढाच राहिला. शनिवारी आणखी उतरला होता. पाराशाने तिला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात बटाटा भरून उकडलेल्या, करंज्यांसारख्या पिरोह्यांची बशी ठेवली आणि वर कांदा परतून ओतला.

"खा. हाडं बघ तुझी! काय कळलं का?"

वर्नाने घास गिळला. "तेता, मंगळवारी आणि शुक्रवारी ह्या घरात काय असतं?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी? काहीच नसतं. मी तर घरातच नसते. बहिणीकडे जाते पत्ते खेळायला."

वर्नाने ओस्तापकडे बघितलं. तो चहाच्या कपात अशा लक्षाने बघत होता जणू तळाशी काही लिहिलंय.

"गुरुवारी नाही जात कुठे?" वर्नाने सहज विचारलं.

पाराशाचा हात जरासा थांबला. "गुरुवारी जायचे पूर्वी. चर्चच्या हॉलमध्ये. आम्ही वीस बायका मिळून पिरोह्या करायचो, शेकड्यांनी. आठ वर्षं झाली सोडून."

"का सोडलं?"

"विचार ह्यांना."

ओस्ताप उठून कोट घालायला लागला. बाहेर बर्फ उपसायचा आहे म्हणाला. बर्फ पडलेला नव्हता.

तो गेल्यावर पाराशाने सांगितलं. हॉलमध्ये मुलांना नाच शिकवत, तांबडे चामडी बूट घालून. तीस वर्षं ते बूट ओस्ताप शिवायचा. मग समितीने ठरवलं की बूट दुकानातून तयार मागवायचे. मतं घेतली. ओस्ताप एका बाजूला, सगळी समिती दुसऱ्या बाजूला. "हे सभेतून उठले, सरळ स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, चल. माझ्या हाताला पीठ होतं, पोरी! तसंच कोटात घातले हात. त्या दिवसापासून आपण तिथे पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. ह्यांनी ठरवलं. माणसाचा अपमान झाला की त्याच्या बायकोने काय करायचं? म्हटलं, राहू दे."

वर्ना घरी आली ती विचार करतच. पुढच्या शुक्रवारी, पाराशा बाहेर पडली असेल अशा बेताने, ती लासिचुकांकडे गेली. पुढचं दार कोणी उघडेना. बाजूचं दार मात्र नुसतं लोटलेलं होतं, आणि आतून शिवणयंत्राची जड, थांबत थांबत चालणारी घरघर येत होती. आवाजाच्या मागे जायची तिची सवय जुनीच. ती पायऱ्या उतरली.

टेबलावरची चादर काढलेली होती. ओस्ताप चामड्याचा एप्रन बांधून यंत्रावर वाकला होता. भिंतीशी लहान मुलांच्या तांबड्या बुटांचे अकरा जोड रांगेत उभे होते, लख्ख चकाकणारे. शेजारी फवाऱ्याचा डबा, आणि हवेत तोच गोडसर वास.

ओस्तापने मान वर केली. यंत्रातला बूट काढून त्याने तिच्यापुढे टाच धरली.

"टाचेशी फाटतात," तो म्हणाला. "दुकानचे बूट. एका हिवाळ्यात. चर्चमधल्या पाद्रीबाईंनी एक जोड आणून दिला, म्हणाल्या, वुयको, एवढा एकच. पोरगी रडत होती म्हणे. मग दुसरा आला."

"कधीपासून?"

"पाच वर्षं. पूर्वी तेल लावायचो. हा फवारा ह्या हिवाळ्यापासून. बर्फ चिकटत नाही, चकाकी राहते."

वर्नाने डबा उचलला, मागची बारीक अक्षरं वाचली आणि तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने म्हणाली, "सिलिकॉन! हेच ते! वुयको, तुम्ही बूट फवारता, भट्टी ती हवा ओढते आणि आगीत त्याची वाळू होते. काच बसते हो कांडीवर!"

ओस्तापला वाळूचं काही पडलेलं नव्हतं. "तिला सांगू नकोस."

वर्नाचा आनंद तिथेच थांबला. तिच्या लक्षात आलं की दहा-बारा दिवस आपण जे शोधत होतो ते सापडलं, आणि त्याच्याबरोबर दुसरंही काही हातात आलं, जे आपण मागितलं नव्हतं. वर स्वयंपाकघरात पाराशाने पिठाच्या हातांचं सांगितलं होतं, ते तिला आठवलं.

"वुयको, तुम्ही त्यांचे बूट शिवता, आणि तेताने मात्र तिथे जायचं नाही?"

"मी कुठे जातो तिथे? मी माझ्या तळघरात आहे."

"हे तुम्हाला तरी पटतं का?"

ओस्तापने यंत्राचं चाक हाताने अर्धं फिरवलं, परत फिरवलं.

उपाय वर्नाकडे होता आणि तो सोपा होता. भट्टीला तळघरातली हवा द्यायचीच नाही. भिंतीला भोक पाडून बाहेरून नळी आणायची, म्हणजे आत कोणी काही फवारलं तरी आगीला त्याचं काही नाही. सोमवारी ती नळी घेऊन आली आणि दिवसभर खपली. भिंत कापली, सांधे जोडले, फटी बुजवल्या. कांडी नवी बसवली, आकडा चार आला. पाराशा पायरीवर बसून सगळं बघत होती आणि प्रत्येक गोष्टीला हे काय, ते काय विचारत होती.

"म्हणजे बाहेरची हवा चांगली आणि आपली वाईट?"

"तुमच्या हवेत एक गोष्ट होती, तेता. तिची वाळू होत होती."

"कसली गोष्ट?"

वर्नाने हातातला पाना पुसला. थाप मारणं अवघड नव्हतं. जुना रंग, जुना डिंक, काहीही चाललं असतं. पण अकरा वर्षं ती स्वतः दारात उभी राहून हाच प्रश्न विचारत आली होती आणि 'घरी जाऊ दे' ऐकत आली होती.

"भट्टीचा दोष नव्हता एवढं मी सांगते," ती म्हणाली. "बाकी वुयको सांगतील."

ओस्ताप जिन्यावर उभा होता. पाराशा वळली. मग तो खाली आला, खिशातून किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

पाराशाने एक बूट उचलला. टाचेवरून अंगठा फिरवला. नवऱ्याचा टाका तिला ओळखता आला नसता तरच नवल.

"हे हॉलचे आहेत."

"हो."

"आणि वास? तो भट्टीचा वास?"

"हा... ह्याचाच."

"मी महिनाभर गॅसच्या भीतीने खिडक्या उघडत होते! उणे तीसमध्ये!" तिने बूट त्याच्या छातीवर मारला, जोरात नाही, पण आवाज होईल इतका. "आठ वर्षं, ओस्ताप! माझ्याबरोबर पिरोह्या करणारी ओल्हा वारली, मी तिच्या दफनानंतरच्या जेवणाला गेले नाही, कारण ते हॉलमध्ये होतं. आणि तू इथे खाली बसून त्यांच्या नातवंडांचे बूट चकाकवतोस?"

"पोरांचा काय दोष?" ओस्ताप पुटपुटला.

"आणि माझा?"

ओस्तापचं टक्कल कानांपर्यंत लाल झालं. वर्नाला वाटलं, आपण व्हॅनमध्ये जाऊन बसावं, पण हत्यारं सगळी त्या दोघांच्या मध्ये पडलेली होती. शेवटी ओस्ताप एवढंच म्हणाला, "माझं चुकलं. पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण मग सांगायचं कसं, तेच कळेना."

पाराशाने अकराच्या अकरा जोड एका पोत्यात भरले. "गुरुवारी मी हे घेऊन जाणार आहे," ती म्हणाली. "पुढच्या दाराने. आणि तुझं दुपारचं जेवण तुझं तू करायचं."

ती गेली. बायकांनी काय म्हटलं, कोण रडलं, कोण हसलं हे वर्नाला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. तिने खोदून विचारलं नाही, जे कानावर आलं ते घेतलं. ओस्ताप मात्र हॉलमध्ये गेला नाही. दर गुरुवारी तो पाराशाला गाडीने सोडायचा आणि इंजिन चालू ठेवून बाहेरच बसायचा. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी गाडीच्या काचेवर टकटक करून त्याला गरम पिरोह्यांचा डबा दिला. तो त्याने घेतला. समितीतलाच माणूस होता, असं पाराशा सांगायची.

ऑक्टोबरात वर्षाच्या सफाईला वर्ना पुन्हा गेली तेव्हा बूट वरच्या उजेडाच्या खोलीत आले होते, खिडकीत रांगेने. पाराशा घरी नव्हती. ओस्तापने सूप करपवलं होतं आणि तेच तिला वाढलं. तिने फिल्टर बदलला, बर्नर झाडले, कांडी काढून उजेडात धरली. स्वच्छ होती. घासायचीही गरज नव्हती, तरी तिने सवयीने एकदा पुसली.

ओस्ताप पायरीवर बसून बघत होता. "एक विचारू?" तो म्हणाला. "विजेला तर तार लागते. आगीतून वीज जाते कशी?"

वर्नाने त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत कोणत्याही घरमालकाने तिला हे विचारलं नव्हतं.

"इकडे या, वुयको," ती म्हणाली आणि शेजारी उलटी बादली सरकवली. तो गुडघे धरत हळूहळू तिच्यावर बसला. तिने भट्टीच्या दारातल्या छोट्या काचेकडे बोट दाखवलं आणि बटण दाबलं. टिक झालं. पंखा घरघरला. दोघंही पुढे वाकली.